धनुष्य घेऊन मुक्कामाला: हॅमॉक की तंबू?

परदेशातले व्हिडिओ बघून हा प्रश्न पडतो. दोन झाडांत हॅमॉक म्हणजे झोपायची टांगती कापडी झोळी, वर ताडपत्री, शेजारी लाकडी धनुष्य, आणि पहाटे गडी उठून शिकारीला निघालेला. त्यातला शेवटचा भाग आपल्याकडे नाहीच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीचा प्रयत्न हीसुद्धा शिकारच, आणि शस्त्राच्या व्याख्येत धनुष्यबाण नाव घेऊन लिहिलेले आहेत. लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र न्यायला बंदी आहे. त्यामुळे आमच्या नाशिककडची अभयारण्यं, म्हणजे नांदूरमधमेश्वर किंवा इगतपुरीच्या पलीकडचं कळसूबाई-हरिश्चंद्रगड, इथे बाण पिशवीतच राहतील म्हणून चालत नाही. धनुष्य घरीच ठेवायचं. बाकीच्या जंगलातही ‘नुसता नेम धरत होतो’ हे वनरक्षकाला पटवत बसण्यात काही मजा नाही.

मग उरतं ते मित्राचं शेत. आमचा अड्डा हरसूलच्या रस्त्याला आहे. आंब्याची पंधरावीस झाडं, खाली भातखाचरं, मागे मातीचा उंच बांध. गोणपाटात भाताचा पेंढा ठासून भरला की झालं लक्ष्य. संध्याकाळी उजेड असेपर्यंत आणि सकाळी ऊन चढायच्या आत नेमबाजी, मधली रात्र तिथेच. या मधल्या रात्रीपुरतं खाली लिहितोय.

हॅमॉक ही आपल्याला नवी गोष्ट नाही. सुरगाणा-पेठहून दिंडोरीच्या द्राक्षबागांत कामाला येणाऱ्या बाया बांधावरच्या झाडाला लुगड्याची झोळी बांधून तान्ह्याला निजवतात, तोच हा प्रकार. फरक इतकाच की तान्हं पाच किलोचं आणि आपण सत्तर. नेमका तिथेच पहिला घोटाळा होतो. नवखा माणूस हॅमॉक खाटेसारखा सपाट ताणून बांधतो. पट्टा आडव्या रेषेशी साधारण ३० अंशांत असेल तर सत्तर किलोच्या माणसाचा प्रत्येक बाजूला जवळपास सत्तर किलोच ताण येतो. तोच १० अंशांवर आणलात की ताण दोनशेवर जातो. मी हे गणित नंतर केलं. आधी नायलॉनची दोरी तंगवून शेवग्याला बांधली होती. शेवगा म्हणजे काडी, हे स्वयंपाकघरात शेंगा चिरणाऱ्यालाही ठाऊक असतं, मला नव्हतं. रात्री दोनच्या सुमाराला फांदी, मी आणि हॅमॉक एकदमच खाली आलो. खाली भाता ठेवला होता. दोन बाण गेले, कंबर आठवडाभर धरली. तेव्हापासून आंबा, मोह किंवा साग, तेही मांडीहून जाड खोड, आणि दोरीऐवजी बोटभर रुंद पट्टा. आंब्याला बांधण्याआधी वर बघा. पानं शिवून केलेलं लाल मुंग्यांचं घरटं दिसलं तर दुसरं झाड शोधा.

तंबूला ही कटकट नाही. सपाट जागा बघायची, दगड वेचायचे, खुंट्या ठोकायच्या. फक्त घाटाकडच्या उताराच्या शेतात सपाट जागा म्हणजे भातखाचर, आणि कापणीनंतर त्यात धसकटं असतात, ती तंबूच्या तळातून पाठीला टोचतात. उलट सिन्नर-येवल्याकडे किंवा उघड्या डोंगरमाथ्यावर हॅमॉकचा विचारच नको, बांधणार कशाला? द्राक्षबागेच्या मांडवाचे खांब दिसायला दणकट असतात, पण त्यांना हात लावलात तर शेतकरी तुम्हालाच टांगेल.

वजनाबद्दल दुकानात जे सांगतात ते अर्धंच खरं आहे. नुसता हॅमॉक आणि पट्टे किलोभरात बसतात, दोघांचा साधा तंबू दोन-अडीच किलोचा. पण हॅमॉकवर ताडपत्री, मच्छरदाणी आणि पाठीखाली चटई धरली की हिशेब जवळपास बरोबरीला येतो. चटई लागतेच. हवेत लोंबकळताना स्लीपिंग बॅगचा पाठीखालचा भाग दबून चपटा होतो आणि खालून वारा लागतो. नोव्हेंबरातली माझी पहिली रात्र पाठ बर्फाच्या लादीवर ठेवल्यासारखी गेली. फोमची साधी चटई आत टाकली आणि प्रश्न मिटला. निफाडचा पारा डिसेंबर-जानेवारीत ५-६ अंशांपर्यंत उतरतो, त्या दिवसांत मी सरळ तंबू घेतो.

आता धनुर्धाऱ्याच्या खास अडचणी. पहिली खांद्याची. हॅमॉकमध्ये लांबीच्या रेषेत सरळ झोपलात की शरीर केळ्यासारखं वाकतं आणि दोन्ही खांदे आत दाबले जातात. सकाळी ओढायला चाळीस पौंडांचा जोर लागणारं धनुष्य ताणताना तो खांदा जाब विचारतो. उपाय आहे, तिरकं झोपायचं, डोकं एका बाजूला, पाय दुसऱ्या. कापड मग बऱ्यापैकी सपाट होतं. त्यासाठी हॅमॉक तीन मीटरच्या आसपास लांब हवा. बाजारातले आखूड, जाळीचे हॅमॉक अंगणात पेपर वाचायला ठीक. तिरकं झोपायची सवय लागल्यावर मला तंबूतल्या जमिनीपेक्षा हॅमॉकमध्येच सकाळी खांदा मोकळा वाटतो.

दुसरी अडचण खुद्द धनुष्याची. आमच्यातल्या एकाकडे भिल्लांच्या तीरकामठ्यासारखं बांबूचं आहे, माझं एकसंध लाकडी, उंची माझ्याएवढी. रात्री दोरी उतरवायचीच, नाहीतर लाकूड वाकलेल्या आकारातच राहायला शिकतं आणि जोर जातो. तंबूत ते कर्णाच्या रेषेत कसंबसं मावतं, पण रात्री उठलं की पाय त्यावरच पडतो. हॅमॉकच्या ताडपत्रीखाली आडवी दोरी असते, तिला दोन फासे करून त्यात अडकवलं की जमिनीची ओल नाही आणि पायाखालीही येत नाही. भाता झाडाला, टोकं खाली. धारदार टोकाचे बाण मुक्कामाला आणूच नका.

पिसांच्या बाबतीत मी हॅमॉकच्या बाजूचा. बंद तंबूत श्वासाची वाफ आतून कापडाला धरते आणि पहाटे थेंब बाणांच्या पिसांवर पडतात. ताडपत्रीखाली वारा खेळता असतो. तरी पिसं दबलीच तर चहाच्या किटलीच्या वाफेवर बाण फिरवत धरा, पिसं पुन्हा उभी राहतात. आमच्याकडे सकाळी चहा उशिरा होतो तो यामुळे.

पावसाळ्यात मात्र दोन्ही नको. इगतपुरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आडवा पडतो, आणि ओलीने बांबू मऊ होतो. बाकीच्या दिवसांत सापाचं म्हणाल तर मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याच्या अंथरुणात शिरते, त्यासाठी हॅमॉक उंचावर आणि तंबू चेन लावलेला, दोन्ही सारखेच बरे.

बिबट्याचं वेगळं. निफाड-सिन्नरच्या उसाच्या पट्ट्यात आणि दारणाकाठी बिबटे आहेत. हॅमॉकचं कापड काय आणि तंबूचं काय, त्याला दोन्ही सारखंच. तिथे उघड्यावर झोपू नये. घराच्या बंद पडवीत दोन दणकट खांब असतील तर त्यांतच हॅमॉक लावा, पण आधी घरधन्याला विचारा. पडवी जुनी असली तर खांब वरच्या छपराच्या भरवशावर उभे असतात.

थोडक्यात तुमचं शेत त्र्यंबक-पेठ-हरसूलकडे असेल आणि ऑक्टोबर ते मे यांतले कडाक्याची थंडी सोडून उरलेले महिने धरणार असाल, तर हॅमॉक घ्या. पूर्वेला सिन्नर-येवल्याकडे किंवा गडावर जाणार असाल, जोडीदार बरोबर असेल किंवा एकच काय ते घ्यायचं असेल तर तंबू. हॅमॉक ठरलाच तर आधी चांगले पट्टे घ्या, हॅमॉक कुणाचा तरी मागून आणा आणि पहिली रात्र घराजवळच्या झाडांत काढा. खाली गादी टाकून.