परदेशातून घरी सामान: कुरिअर, पोस्ट, कार्गो की विमानातली जादा बॅग?

शिक्षण किंवा प्रोजेक्ट संपवून परतताना घर आवरायला घेतलं की दोन-तीन खोकी उरतातच. जाड जॅकेटं, पुस्तकं, चार भांडी. कुरिअर कंपनीच्या साइटवरचा दर परवडेलसा वाटतो, खोकं रवाना होतं आणि ते मुंबईत उतरल्यावर मेसेज येतो: इतके भरा, मग डिलिव्हरी.

हा भुर्दंड टाळायचा तर दरांच्या आधी एक गोष्ट बघा. सामान तुमच्यासोबत प्रवाशाचं म्हणून येतंय की माल म्हणून? तुमचा वापरलेला स्वेटर तुमच्याच सुटकेसमधून आला तर त्यावर कर नाही. तोच कुरिअरने आला की ती आयात ठरते, आणि आयात म्हटली की मूल्य, शुल्क, कागदपत्रं सगळं ओघाने आलं.

कुरिअरपासून सुरुवात करू, कारण बहुतेकांचा हात आधी तिकडेच जातो. वेगात त्याला तोड नाही. पण बिल नीट वाचलं तर त्यात दोन वेगळ्या वाटांनी जाणारे पैसे दिसतात. सीमाशुल्क आणि आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) सरकारकडे जातात. बाकीचे कुरिअर कंपनीचे स्वतःचे असतात: तुमच्या वतीने कर आधी भरला म्हणून शुल्क, कधी कस्टममधून सोडवण्याचं (क्लिअरन्सचं) वेगळं, केवायसीचे कागद उशिरा दिले तर गोदामभाडं, आणि या सेवांवर १८ टक्के जीएसटी. कर आधी भरल्याचं शुल्क बऱ्याचदा ‘इतके टक्के किंवा किमान इतके रुपये, जे जास्त असेल ते’ अशा पद्धतीने लावतात. त्यामुळे खोक्यातला माल जितका स्वस्त, तितकं हे शुल्क जास्त टोचतं. जुन्या कपड्यांच्या बाबतीत तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

पाठवताना फॉर्मवर ‘कर कोण भरणार’ असा पर्याय असतो. तिथे काही निवडलं नाही तर सहसा घेणाऱ्याच्या गळ्यात पडतं. सांगलीत बसलेल्या आई-बाबांना मग आधार, पॅन आणि लिंकवरून पेमेंट असा खटाटोप करावा लागतो. त्यात अशा मेसेजांची नक्कल करून लुबाडणारेही बोकाळलेत, त्यामुळे लिंक खरी की खोटी हे कळेपर्यंत गोदामभाडं चालू.

‘गिफ्ट’ लिहून सुटता येईल हा समज अजून टिकून आहे. डिसेंबर २०१९ पासून भेट म्हणून करमाफी मागत पोस्टाने किंवा कुरिअरने वस्तू आणणं बंद झालं. अपवाद ठेवला तो राखी आणि जीवरक्षक औषधांचा. तेव्हा खरं तेच लिहा: वापरलेल्या घरगुती वस्तू, एकेक नावानिशी, वापरलेल्या अवस्थेतल्या आजच्या किमतीसह. विमा मोठा मिळावा म्हणून नव्याची किंमत टाकली तर कस्टमही तोच आकडा धरू शकतं. उलट फारच कमी लिहिली आणि खोकं हरवलं, तर भरपाईही तेवढीच.

पोस्ट संथ आहे, ट्रॅकिंग मधेच मुकं होतं, आणि तरीही थोड्याशा सामानासाठी माझा कौल पोस्टालाच. पार्सल बॅलार्ड इस्टेटच्या परदेशी टपाल कार्यालयासारख्या ठिकाणी कस्टमसमोर जातं. कर लागलाच तर तो आणि पोस्टाचं छोटंसं शुल्क पोस्टमन दारात किंवा टपाल कार्यालयात घेतो. कुरिअरसारखं कर आधी भरल्याचं जाडजूड शुल्क इथे नाही. सीएन २२ किंवा सीएन २३ हा पार्सलमध्ये काय आहे ते कस्टमला सांगणारा फॉर्म मात्र मन लावून भरा. ‘पर्सनल आयटम्स’ एवढंच खरडलं की पार्सल उघडलं जाणार आणि खुलाशाचं पत्र येणार. अमेरिकेतून बोटीने जाणारं स्वस्त टपाल तिथल्या पोस्टाने २००७ मध्येच बंद केलं, त्यामुळे ‘वेळ लागू दे, पण स्वस्तात जाऊ दे’ हा जुना मार्ग तिथून उरलेला नाही.

कार्गोने, म्हणजे प्रवाशासोबत न येणारं बॅगेज म्हणून पाठवणं, आठ-दहा खोकी असतील तरच विचारात घ्या. २०१६ च्या बॅगेज नियमांत हे सामान प्रवासी येण्याआधी दोन महिन्यांपर्यंत पोचलेलं किंवा तो आल्यापासून महिन्याभरात तिकडून निघालेलं हवं अशी अट होती. वापरलेल्या वैयक्तिक वस्तूंना माफी, पण नव्या वस्तूंसाठी प्रवाशाला मिळणारी नेहमीची करसूट लागू नाही. कराची बाजू बरी असली तरी खर्च वेगळ्याच वाटेने वाढतो. एजंटचा स्वस्त दर पुष्कळदा न्हावाशेवा बंदरापर्यंतचाच असतो. तिथून पुढे डिलिव्हरी ऑर्डर (माल ताब्यात देण्याचा कागद), गोदाम, क्लिअरिंग एजंट, टेम्पो, सगळं वेगळं. ‘दारापर्यंत, तिकडच्या सर्व शुल्कांसह’ हे शब्द लेखी घेतल्याशिवाय दोन दरांची तुलनाच करू नका.

आणि मग विमानातली जादा बॅग. साधारण २३ किलो, तिकिटासोबत ऑनलाइन घेतली तर बऱ्याच विमान कंपन्यांत काउंटरपेक्षा स्वस्त. किंमत आधीच कळते, नंतर बिल येत नाही, वापरलेल्या वस्तूंना कर नाही. स्वतः परतत असाल तर आधी याच बॅगेचा दर काढा, मग बाकीचे. नवा टीव्ही मात्र यात घालू नका. त्याला २०१६ च्या नियमांत सूट नव्हती.

अमेरिकेतले मिक्सर, टोस्टर कुठल्याच मार्गाने आणू नका. ११०-१२० व्होल्टवर चालणारे ते इथे उपयोगी नाहीत.

खोकं आधीच निघालं असेल आणि बिल आलं असेल, तर पैसे भरण्याआधी कुरिअर कंपनीकडून ‘बिल ऑफ एंट्री’ची, म्हणजे मूल्य आणि कर दाखवून कस्टमकडे भरलेल्या आयातीच्या कागदाची, प्रत मागा. हवाई मालाच्या, कर ज्यावर लागतो त्या मूल्यात भाडं वस्तूंच्या किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरता येत नाही. म्हणजे सामान १०,००० रुपयांचं आणि भाडं ९,००० असलं तरी मूल्यात भाड्याचे २,०००च यायला हवेत. प्रतीत पूर्ण ९,००० दिसले, तर ईमेलवर हरकत घ्या. एकदा खोकं हातात पडलं की पैसे परत मिळवणं फार कटकटीचं होतं.