पुण्याचा नळ, दर्यापूरचा बोअर: आरओ, यूव्ही की उकळलेलं पाणी?

गेल्या दिवाळीत माझ्या आणि माझ्या भावाच्या घरी एकाच आठवड्यात पाण्याच्या मशीनचा विषय निघाला. मी कोथरूडला राहते, तो दर्यापूरजवळच्या एका गावात. दोघांनाही विकणाऱ्यांनी जवळपास एकच मशीन सुचवलं होतं: आरओ, यूव्ही, यूएफ, वरून तांब्याचा गुण, सगळं एकाच डब्यात. किंमत अठरा हजारांच्या आसपास. भावाचं म्हणणं, दोन एकदम घेतली तर भाव पाडता येईल. मी म्हटलं, थांब, आधी पाणी तर मोजू.

पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएस मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतं, थर्मामीटरएवढं असतं. माझ्या नळाचं पाणी निघालं ११८. भावाच्या बोअरचं १७६०. त्याच्याकडे योजनेचं नळाचं पाणीही येतं, पण पाच-सहा दिवसांनी एकदा. ते होतं २४०. एकाच आईची आम्ही दोन लेकरं, पण पाण्याने आमची घरं पार वेगळी केली होती.

अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे, हे विदर्भाबाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं. जमिनीखालचं पाणीच खारं. वहिनी म्हणते, "ताई, इथलं पानी त डाळही शिजू देत नाही वो." खरंच नाही देत. साबणाला फेस येत नाही, तांब्या-पेल्यावर पांढरे चट्टे बसतात, गिझरची कॉइल दीड-दोन वर्षांत जाते. उलट पुण्याला खडकवासल्याचं पाणी, म्हणजे सह्याद्रीवर पडलेला पाऊसच. मुंबईचं भातसा-तानसा-वैतरणेचं, नाशिकचं गंगापूर धरणाचं, तीच गोष्ट. त्यात क्षार मुळातच कमी.

आता टीडीएस म्हणजे काय, हे नीट समजून घ्या, कारण सगळी विक्री या आकड्यावर चालते. पाण्यात विरघळलेले क्षार एका लिटरला किती मिलिग्रॅम, त्याचा हा अंदाज. भारतीय मानकाप्रमाणे (आयएस १०५००) ५०० पर्यंत ठीक, आणि दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावं. पण मीटरला जंतू दिसत नाहीत. गटाराचं चार थेंब पाणी मिसळलेल्या हंड्याचा आकडाही ११८ च्या आसपासच येईल. आणि मीटरला फ्लोराइड आणि नायट्रेटही ओळखता येत नाहीत, फक्त एकूण बेरीज कळते.

माझ्याकडे आलेल्या माणसाने एक प्रयोगही करून दाखवला. दोन पेले, एकात माझ्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं आरओचं. दोन्हींत विजेच्या दांड्या बुडवल्या. दोन मिनिटांत माझं पाणी गंजकट, हिरवट, वर फेस. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. "हे पिता तुम्ही रोज!" पण तो गंज पाण्यातला नसतोच, दांडीचा असतो. साध्या पाण्यात क्षार असल्याने वीज वाहते आणि लोखंडी दांडी झिजते. आरओच्या पाण्यात क्षार फार कमी, म्हणून वीज फारशी वाहत नाही आणि दांडी शाबूत राहते. मी त्याच्या पेल्यात चिमूटभर मीठ टाकून पुन्हा करा म्हटलं, तर साहेबांनी पेटी आवरायला घेतली.

यूव्ही आणि आरओ समोरासमोर

यूव्ही जंतू मारतो, पण पाण्यातून काही काढत नाही. आरओ काढतो: क्षार, फ्लोराइड, नायट्रेट, आर्सेनिक, बरंच काही. खरी निवड या एका फरकावर आहे, बाकी सगळी सजावट.

यूव्हीमध्ये नळीतून पाणी जाताना त्यावर अतिनील किरण पडतात, आणि जंतू, विषाणू पुढे वाढू शकत नाहीत. अट एकच, पाणी स्वच्छ हवं. गढूळ पाण्यात जंतू मातीच्या कणांआड लपतात, म्हणून आधी गाळणी आणि कार्बन लागतात. पाणी वाया जात नाही, वीज नावापुरती लागते. ट्यूब साधारण वर्षाला बदलायची, दिवा लागत असला तरी. किरणांचा जोर आधीच उतरलेला असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

आरओमध्ये पाणी पंपाच्या दाबाने पडद्यातून ढकललं जातं. पलीकडे गेलं ते पिण्याचं, उरलेलं क्षार घेऊन बाहेर. हे उरलेलं थोडंथोडकं नसतं. घरगुती मशीनमध्ये एका लिटरमागे दोन ते तीन लिटर सहज जातं. म्हणजे घरात रोज दहा लिटर प्यायला-स्वयंपाकाला लागत असेल, तर महिन्याला सहा-नऊशे लिटर मोरीत. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ च्या मे महिन्यात पर्यावरण मंत्रालयाला सांगितलं होतं की जिथे टीडीएस ५०० च्या खाली आहे तिथे आरओला मनाई करा. माझ्या ११८ च्या पाण्यावर आरओ लावायचं, म्हणजे धुतलेले तांदूळ पुन्हा निवडत बसायचं.

लोक म्हणतील, २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याला, नांदेड गाव, किरकटवाडीकडे जीबीएसचे, म्हणजे नसांवर घाला घालणाऱ्या गुलेन बॅरी सिंड्रोमचे, रुग्ण वाढले तेव्हा काय? आमच्या सोसायटीतही त्या महिन्यात आरओची लाटच आली होती. पण तेव्हा संशय होता तो दूषित पाण्यातल्या जंतूंवर, क्षारांवर नव्हे. जंतूंसाठी उकळणं पुरतं, चांगला यूव्ही पुरतो. आरओनेही जंतू जातात, नाही असं नाही, पण त्यासाठी नऊशे लिटर ओतायची गरज नाही.

आरओवाल्यांची आणखी एक गोष्ट विचारल्याशिवाय सांगितली जात नाही. मशीनमध्ये टीडीएस कमी-जास्त करायचा एक स्क्रू असतो. पाणी फार सपक लागू नये म्हणून त्यातून थोडं कच्चं पाणी परत मिसळतात. तुमच्या बोअरमध्ये फ्लोराइड किंवा नायट्रेट असेल, तर ते या वाटेने पुन्हा पेल्यात येतं. ज्याच्यासाठी पैसे मोजले, तेच मागच्या दाराने घरात! यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या किनवट भागात फ्लोराइडचा त्रास जुना आहे. तिथे हा स्क्रू बंदच ठेवायला सांगा.

दोन्ही मशीनांचं एक दुखणं सारखं: आतला कार्बन नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढून घेतो. चव सुधारते, पण राखणदारही जातो. म्हणून मशीनच्या टाकीतलं पाणी दोन-तीन दिवस पडून राहिलं तर ते नळाच्या ताज्या पाण्यापेक्षा वाईट. गावाहून आल्यावर पहिली टाकी सरळ ओतून द्या.

उकळणं

सगळ्यात जुना, आणि जंतूंच्या बाबतीत आजही सगळ्यात भरवशाचा उपाय. खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरे. वीस मिनिटं उकळा म्हणणाऱ्यांनी माझ्या आईचा अर्धा जन्म गॅसपाशी घालवला. सपक लागतं ते पाण्यातली हवा निघून गेल्यामुळे. या भांड्यातून त्या भांड्यात दोनदा ओतलं की चव परत येते, फक्त भांडी स्वच्छ हवीत.

मशीनचे पैसे वाचले, असं वाटतं, पण मी हिशेब मांडून पाहिला. दहा लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळायला साधारण शंभर-सव्वाशे ग्रॅम गॅस जातो. महिन्याला तीन-साडेतीन किलो, म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरचा जवळजवळ पाव भाग. इंडक्शनवर रोजचं एक युनिट. वर ते गार व्हायची वाट, जागा, झाकणं. रोजचं काम म्हणून मला हे जड वाटतं. पावसाळ्यातले पहिले पंधरा दिवस, घरात तान्हं बाळ, पाइप फुटल्याची बातमी, अशा वेळी मात्र मशीन असलं तरी मी उकळतेच.

आणि खाऱ्या पाण्यासाठी उकळणं हा उपाय नाहीच. वाफ निघून जाते, क्षार खाली राहतात. फ्लोराइड, नायट्रेट तर उकळून उलट थोडे दाटच होतात. बाळाची दुधाची पावडर कालवायला नायट्रेटचं बोअर पाणी उकळून वापरणं धोक्याचं, हे गावाकडे सांगायला हवं.

विजेविना

मेणबत्ती फिल्टर, म्हणजे स्टीलचे दोन डबे एकावर एक आणि वर पांढऱ्या मातीच्या कांड्या. गाळ अडतो, बरेच जंतूही अडतात, विषाणू अडतीलच असं नाही. रात्री भरला की सकाळी मिळतो. कांडी मऊ ब्रशने नुसत्या पाण्याखाली घासायची, साबण अजिबात नको. तडा गेला की कांडी फेका. यूएफचे, म्हणजे अतिबारीक छिद्रांच्या पडद्याचे, टेबलावरचे फिल्टर याहून बारीक गाळतात, वेगही बरा. महानगरपालिकेचं क्लोरीन टाकलेलं पाणी नियमित येत असेल आणि घरात कुणी नाजूक प्रकृतीचं नसेल, तर हजार-दोन हजारांतला यातला एक फिल्टर पुरतो, हे कुठल्याच दुकानात तुम्हाला ऐकायला मिळणार नाही.

तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. माठाने पाणी गार होतं, शुद्ध होत नाही. त्यात हात बुडवून पेला भरणाऱ्यांना ओगराळं हातात द्या. तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले जंतू कमी होतात हे खरं, पण त्याला कित्येक तास लागतात. पाणी क्षणभर तांब्यावरून वाहवून जाणाऱ्या मशीनमध्ये तो गुण किती उतरणार, ते तुम्हीच ताडा.

राहिला वीस लिटरचा जार. सोयीचा आहे, गारही मिळतो. पण लग्नाकार्यात आणि दुकानांत फिरणाऱ्या बहुतेक उघड्या जारवर आयएसआयचा शिक्का नसतो. पाणी कुठून आलं, जार कधी धुतला, काही पत्ता नाही. सीलबंद आणि शिक्क्याचा मिळत असेल तर घ्या, नाहीतर तो माझ्या यादीत शेवटी.

मग आम्ही काय केलं

मी साडेसहा हजारांचा साधा यूव्ही घेतला. त्याआधी सोसायटीची टाकी धुवून घेतली, आणि पैसे कुठे कारणी लागले असं विचाराल तर तिथे. जमिनीखालच्या टाकीच्या झाकणाला भेग होती, आत झुरळं होती. असं पाणी घराघरांत पोहोचत असताना आम्ही जिन्यात उभे राहून मशीनच्या मॉडेलवर वाद घालत होतो. नळाशी येणाऱ्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं, असं मानक सांगतं. टाकी घाण असेल तर ते तिथेच खर्ची पडतं. उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर येतो तेव्हा मी दर वेळी मीटर बुडवते. मार्चमध्ये आकडा एकदा ७४० आला, ते बोअरचं पाणी होतं. तेवढे दिवस पिण्यापुरतं शेजारच्या इमारतीतून नळाचं आणलं. वर्षातल्या दहा दिवसांसाठी आरओ घेण्यात मला अर्थ वाटला नाही. तुमच्याकडे टँकर सहा महिने येत असेल, तर मात्र तुमचं उत्तर माझ्यापेक्षा भावाच्या जवळचं आहे.

भावाने आरओच घेतला, आणि त्याने तो घ्यायलाच हवा होता. पण आधी बोअरचं पाणी जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत दिलं. नायट्रेट ४५ या मर्यादेच्या वर निघालं, म्हणून तो स्क्रू बंद. योजनेचं पाणी येतं त्या दिवशी पिण्याचे हंडे, टाकी त्याच पाण्याने भरून घ्यायची, त्यात क्लोरीनचे थेंब टाकायचे आणि ते पुरेपर्यंत आरओ चालवायचाच नाही, असं वहिनीने ठरवलं आहे. त्यामुळे पडद्याचं आयुष्य वाढेल आणि पाणीही कमी वाया जाईल. दर वर्षी गाळण्या बदलायला तीन-चार हजार येणार, ते तिने धान्याच्या खर्चात धरूनच ठेवलेत.

एकच चूक झाली. आरओचं वाया जाणारं पाणी तिने वृंदावनातल्या तुळशीला सोडलं. बोअरचं १७६०, मग या सांडपाण्याचा आकडा सव्वादोन हजारांच्या पुढे. तीन आठवड्यांत पानांच्या कडा जळाल्या. आता ती नळी न्हाणीतल्या बादलीत सोडली आहे, फरशीला आणि संडासाला ते पाणी जातं. तुळस नवी लावली. वरणाला मात्र योजनेचंच पाणी. परवा फोनवर म्हणाली, तीन शिट्ट्यांत डाळ मऊ.