कपाशीतील कामगंध सापळा: वापरानंतरचे मत

गुलाबी बोंडअळीवर पाळत ठेवण्यासाठी कृषी सेवा केंद्रात मिळणारा नरसाळ्याचा कामगंध सापळा या हंगामात आमच्या कपाशीत लावला, आणि प्रत्येक कापूस उत्पादकाने तो लावावा असे माझे स्पष्ट मत झाले आहे. त्यातील रबरी ल्युअरमध्ये (गंधाच्या आमिषाच्या गोळीत) गॉसिप्ल्युअर असते; मादीच्या गंधाची ही नक्कल या अळीच्या नर पतंगाला खेचून आणते आणि तो नरसाळ्यातून खालच्या पिशवीत अडकतो. शिफारशीप्रमाणे हेक्टरी ५ सापळे पिकाच्या शेंड्यापेक्षा थोडे उंच बांधावेत, आणि सलग ३ रात्री प्रत्येक सापळ्यात सरासरी ८ पतंग आढळले की उपाययोजना सुरू करावी. अळी एकदा बोंडात शिरली की फवारणी तिच्यापर्यंत पोचत नाही. या आगाऊ सूचनेचे मोल २०१७ साली विदर्भात ज्यांची बोंडे किडली, त्यांना सांगावे लागत नाही.

अमेरिकेत कपाशीच्या बोंडावरील सोंड्या भुंगा या दुसऱ्या किडीच्या निर्मूलनातही गंधसापळ्यांनीच पाहणीचा पाया घातला.

मात्र सापळ्यात केवळ नर सापडतात, त्यामुळे त्यावर विसंबून डोमकळ्या (अळी लागल्याने न उमललेली फुले) वेचणे आणि हिरवी बोंडे फोडून पाहणे थांबवू नये. आम्हाला मिळालेली पिशवी पातळ होती, ती वाऱ्यापावसात फाटली. ल्युअर घेताना वेष्टनावरील तारीख अवश्य पाहावी आणि जुने ल्युअर वेळेवर बदलावे.