क्रोशाच्या पॅटर्नचं बंडल घेताय? आधी हे वाचा

थंडी तोंडावर आली की लहान मुलांच्या टोप्या, मोजे, स्वेटर, मफलरच्या क्रोशा पॅटर्नच्या जाहिराती सुरू होतात, म्हणून आत्ताच लिहून टाकते. माझ्या भावजयीने असंच एक बंडल घेतलं, १९९ रुपयांत ३०० पॅटर्न, पीडीएफ लगेच व्हॉट्सॲपवर. बाळ लहान, घरी बसून काहीतरी करावं म्हणून तिने नुकताच क्रोशा हातात घेतलेला. जाहिरातीत अस्वलाच्या कानांची टोपी घातलेलं इतकं गोड बाळ होतं की कोणीही घेतलं असतं.

तर ती टोपी काही होईना. विणायची, उसवायची, परत विणायची, शेवटी लोकरीला नुसते केस फुटले आणि मला म्हणाली, ताई, माझ्या हातातच नाहीये हे, जाऊ दे. मी म्हटलं आण बघू तो कागद. आणि वाचल्यावर डोकंच फिरलं. मॅजिक रिंगमध्ये (सुरुवातीचा लोकरीचा फास) ६ मुके खांब (क्रोशाचा साधा, बुटका टाका), दुसऱ्या ओळीत १२, तिसरीत १८, इथपर्यंत बरोबर. चौथ्या ओळीत लिहिलंय "२ मुके खांब, मग १ वाढ, असं ७ वेळा, एकूण २८". अहो, वाढ म्हणजे एकाच टाक्यात दोन टाके. आधीच्या ओळीत १८ टाके आहेत, एका वेळेला ३ लागतात आणि त्यांचे ४ होतात, म्हणजे ६ च वेळा बसणार आणि २४ होणार! ती बिचारी २८ कुठून आणणार? पुढे तर ओळ ९ नंतर एकदम ओळ १२. कान कसे करायचे ते कुठेच नाही, फक्त "कान जोडा".

मग तो फोटो मोठा करून बघितला. टोपीवर सगळे इंग्रजी व्हीसारखे टाके, म्हणजे ते दोन सुयांचं विणकाम दिसतंय, क्रोशाचं नाहीच. पट्टी हनुवटीखालून जाते आणि मधेच गालात विरघळते. बटण आहे पण काज नाही. सरळसरळ एआयने काढलेला फोटो, आणि लिहिलेलंही बहुतेक त्यातूनच, कारण माणसाने एकदा जरी ती टोपी विणली असती तर चौथ्या ओळीलाच अडकला असता.

बाकीच्या पीडीएफमधेही तीच गंमत. काही तर लोकर कंपन्या फुकट देतात तेच पॅटर्न, वरचा लोगो पांढऱ्या चौकोनाने झाकलेला, एका पानावर अर्धा दिसतोय सुद्धा. काहींमधे टाक्यांच्या अमेरिकन आणि ब्रिटिश नावांची खिचडी. अमेरिकन सिंगल क्रोशे म्हणजे ब्रिटिश डबल क्रोशे, त्यामुळे कोणते ते लिहिलं नसेल तर अख्खा स्वेटर लांबीला भलताच होतो. आणि साइज काय, तर "० ते १२ महिने". जन्मलेल्या बाळाचं डोकं साधारण ३४-३५ सेंटीमीटर असतं आणि वर्षाच्या बाळाचं ४५-४६, एकच टोपी दोघांना कशी होणार सांगा.

पैसे परत मागितले तर उत्तर आलं "डिजिटल प्रॉडक्ट आहे मॅम, रिफंड नाही". चौथ्या ओळीचा फोटो काढून पाठवला तर "तुम्ही बिगिनर आहात, प्रॅक्टिस करा". हे मला जास्त लागलं. १९९ रुपयांचं एक वेळ सोडून देऊ, पण नवीन शिकणारीला तुलाच येत नाही म्हणून गप्प बसवायचं आणि त्याच जोरावर धंदा करायचा! मी जरा कडक लिहिलं तर ब्लॉक. पेजवर कमेंट आधीच बंद होत्या, ते तेव्हाच बघायला हवं असतं खरं तर.

आता मी कोणालाही सांगते, पैसे द्यायच्या आधी विकणाऱ्याकडे तीच वस्तू उलट्या बाजूने काढलेला फोटो मागा, खरंच विणलेली असेल तर दोन मिनिटांत येतो. सुई किती मिलिमीटरची, लोकर किती जाड, १० सेंटीमीटरच्या तुकड्यात किती टाके आणि किती ओळी, तयार माप किती, हे नसेल तर तो पॅटर्नच नाही. प्रत्येक ओळीच्या शेवटी टाक्यांचा आकडा हवा आणि तो स्वतः मोजून बघायचा. रॅव्हलरी या विणकामाच्या वेबसाइटवर शोधलं तर तोच पॅटर्न लोकांनी घरी विणलेले फोटो सापडतात, वाकडेतिकडे असतात पण खरे असतात. आणि तान्ह्या बाळाच्या वस्तूला गळ्याशी लांब दोरी, मणी, सैल बटणं असलेला पॅटर्न फुकट मिळाला तरी घेऊ नका.

पैसे गेलेच असतील तर स्क्रीनशॉट आणि यूपीआयचा व्यवहार नंबर जपून ठेवा, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून किंवा सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकता येते. आम्ही टाकलीये, अजून काही कळलेलं नाही.

टोपीचं म्हणाल तर तिला मी साधं गणित दिलं. ६, १२, १८, २४, ३०, दर ओळीला ६ वाढवत चकती करायची, टोपीचा घेर जेवढा हवा त्याला ३.१४ ने भागून येईल तेवढी रुंद झाली की वाढ बंद, मग सरळ खाली विणत जायचं. ४० सेंटीमीटरच्या टोपीला पावणेतेरा सेंटीमीटरची चकती. कान वेगळे विणून नंतर शिवायचे.