शिवणीच्या लाकडाचा कटपीस: न झालेल्या विमानांसाठी

भरीव लाकडी विमान कोरायचंय म्हटलं की पहिला सल्ला येतो, बाल्सा घ्या. उडणाऱ्या मॉडेलसाठी बाल्साला तोड नाही, हे मान्यच. घनमीटरला सरासरी एकशेसाठ किलोच्या आसपास, म्हणजे हातात घेतल्यासारखाही वाटत नाही. पण माझं विमान कपाटावर बसणार आहे, त्याला हलकेपणाचं काय कौतुक? बाल्साला नख लागलं तरी खड्डा पडतो. पटाशीची धार जरा उतरली की तो कापला जात नाही, खारी बिस्किटासारखा चुरतो. वर भाव असा की हात आखडता घ्यावा लागतो, आणि आखडत्या हातानं कोरीवकाम होत नाही.

म्हणून पुण्याच्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून शिवण या झाडाच्या लाकडाचे कटपीस, म्हणजे कापून उरलेले तुकडे, आणले. वखारीत कोपऱ्यात ढीग असतो, वजनावर मिळतो. बाल्साच्या दोन शीट्सच्या पैशांत पिशवी भरली. शिवण बाल्साच्या जवळजवळ तिप्पट जड, पण सागवानापेक्षा हलकी. रंग फिकट पिवळा, त्यामुळे पेन्सिलची रेघ स्वच्छ दिसते. मी नोकरीभर ड्राफ्ट्समन होते, माझ्यासाठी हा मुद्दा लहान नाही.

विमान कोणतं ते सांगते. मारुत या भारतीय लढाऊ जेटचं न झालेलं भावंड. जर्मन विमानरचनाकार कुर्ट टँक यांनी बेंगळुरूला आखलेलं एचएफ-२४ मारुत १७ जून १९६१ला पहिल्यांदा उडालं. आखणी होती आवाजाच्या दुप्पट वेगाची, नशिबी आली आफ्टरबर्नर (मागच्या नळीत जादा इंधन जाळून जोर वाढवणारा भाग) नसलेली दोन ऑर्फियस ७०३ इंजिनं. देखणं विमान जन्मभर कमी ताकदीवर उडलं. माझ्या विमानाला हवं ते इंजिन मिळालंय. शेपटाला दोन नळ्यांऐवजी एकच रुंद नळी, हवा ओढणारी तोंडं मोठी, नाक थोडं लांब. खरं मारुत १५.८७ मीटर लांब आणि पंखविस्तार ९ मीटर, म्हणजे १:७२ मापात २२० आणि १२५ मिलिमीटर. माझं २३८ मिलिमीटर लांब आहे, आफ्टरबर्नरला जागा नको का? आणि लाकडात कशाला, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर तयार असतं. मारुतच्याच आकाराचं पूर्ण मापाचं लाकडी ग्लायडर, एक्स-२४१, १९५९मध्ये डाकोटा या मालवाहू विमानानं ओढून उडवलं होतं. घराण्यात लाकूड आधीपासून आहे.

शिवणीचा खरा गुण काल्पनिक विमानातच कळतो. खऱ्या विमानाचा आराखडा म्हणजे हुकूम, तिथवर कोरायचं आणि थांबायचं. इथे आराखडा मीच काढलेला. ग्राफ पेपरवर वरून, बाजूनं, समोरून तिन्ही आकृत्या जुळतात, आणि ठोकळा कोरून जरा तिरका धरला की विमान गरोदर दिसतं. मग कंबर आणखी आवळायची, पाठीचा उंचवटा उतरवायचा. असं थोडं थोडं काढत जायला लाकूड सोशिक लागतं. शिवण कानशीखाली एकसारखी उतरते, कड धरून ठेवते, आणि काल ठेवलेला आकार आज हात लागून दबलेला नसतो. पंखाची मागची कड मी मिलिमीटरच्या आत नेली, तुटली नाही. मात्र पंखातल्या लाकडाची रेषा मुळापासून टोकाकडे जाणारीच हवी. पंख मागे झुकलेला असेल तर रेषाही तशीच तिरकी धरून तुकडा कापायचा.

पद्धत जुनीच. धडासाठी दोन अर्धे ठोकळे घेऊन मध्ये वर्तमानपत्राचा कागद ठेवायचा आणि पातळ फेव्हिकॉलनं चिकटवायचे. मधली रेषा आपोआप मिळते, ती कोरताना पुसली जात नाही. काम झालं की सांध्यात पटाशी घालून हलकं ठोकायचं, कागद फाटतो आणि दोन अर्धे वेगळे होतात. मग आतून कॉकपिट पोखरता येतं. शिवणीत हा सांधा फार सुरेख उघडला. बाल्सात कागदाऐवजी लाकूडच सोलून आलं होतं. धडाच्या आडव्या छेदांच्या आकाराचे पुठ्ठ्याचे साचे करून ठोकळ्यावर लावून बघत जायचं. १९४२ साली अमेरिकी नौदलानं शाळकरी मुलांकडून १:७२ मापाची पाच लाख विमानं करून घ्यायचं ठरवलं, तीही अशीच, साचे लावून कोरलेली. पस्तीस फुटांवरून बघितली की अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढी दिसतात, पहारेकऱ्यांना ओळख पटवायला ती होती. माझं विमान ओळखायला शत्रूची पंचाईत होईल.

आता तक्रारी. पहिली, ओलं लाकूड. ‘पूर्ण सुकलेलं आहे’ म्हणून एका वखारीतून मिळालेला तुकडा घरी येऊन टोकापासून चिरला. वखारवाल्यानं वर तोंड करून सांगितलं, लाकूड आहे, चिरणारच. तेव्हापासून प्रत्येक तुकडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून त्यावर वजन लिहिते, आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत हात लावत नाही. ह्यांना वाटतं मी कणकेत लाकूड घालते. दुसरी तक्रार, उलटी नस. काही तुकड्यांत रेषा मध्येच वळते, आणि नेमकी हवेच्या तोंडाच्या पातळ ओठावर पटाशी चालवली की खपली उडते. तिथे पटाशी बाजूला ठेवून कानस आणि पॉलिश पेपरच वापरावा. तिसरी, शिवणीची छिद्रं उघडी असतात. सँडिंग सीलरचे निदान तीन हात आणि मध्ये ३२० नंबरचा पेपर याशिवाय रंगाखाली लाकूड दिसतच राहतं. चंदेरी रंग देणार असाल तर चौथा हातही द्या, चंदेरी रंग काहीच झाकत नाही. पंख आणि धडाच्या सांध्यातली गोलाई मी पॉलिशवाल्यांच्या लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, भरली, ती शिवणीला चांगली धरते.

पाचपैकी चार. एक गुण ओल्या मालाचा कापला.

सावंतवाडीच्या खेळण्यांतला पांगारा याहून हलका आणि मऊ असतो. मुलांना पहिलं विमान कोरायला द्यायचं असेल तर तो शोधा, बोथट चाकूलाही ऐकतो. पण पातळ कड त्याला पेलत नाही. उडणारं ग्लायडर करायचं असेल तर मुकाट्यानं बाल्साच घ्या. बाकी वखारीत जाताना सकाळी जा, दुपारी ढिगातले सरळ तुकडे गेलेले असतात. आणि सोबत छोटा रंधा न्या. एक हात फिरवला की रेषा दिसते, आणि वखारवाला तुमच्याशी जरा जपून बोलतो.