स्कॉटिश साल्टर, कापलेल्या पानांचं: मागवलं एक, आलं दुसरं, आणि तेच ठेवून घेतलं

आमच्या चर्चमध्ये मी पेटी वाजवते, म्हणजे आता कीबोर्ड आहे पण मंडळीतले सगळे अजून पेटीच म्हणतात. बरेच दिवस एक पुस्तक हवं होतं, स्कॉटलंडचं स्तोत्रांचं गायनाचं पुस्तक, ज्याला ते साल्टर म्हणतात. बायबलमधली दीडशेच्या दीडशे स्तोत्रं वृत्तात बसवलेली आणि सोबत चाली. नवीन घ्यायला परवडणार नव्हतं म्हणून सेकंडहँड शोधलं, पोस्टेज धरून सोळाशेला पडलं. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही कारण त्याने घोळ घातला पण नंतर माणसासारखा वागला.

घोळ असा की मी साधं स्टाफ नोटेशनवालं मागवलेलं, ते पाच रेघांवरचे ठिपके. आणि पार्सल फोडलं तर आत ठिपका एकही नाही, नुसती इंग्रजी अक्षरं, कोलन आणि डॅश. डी कोलन टी, एल कोलन एस, असं पानभर. मला वाटलं छपाईच बिघडलीय. मेसेज केला तर तो म्हणाला परत पाठवा, पैसे देतो. रात्री सहज मामांना फोटो पाठवला. मामा साठी ओलांडलेले, भजनी मंडळात पेटी वाजवून झालेले, स्टाफ अजिबात न येणारे. त्यांचा पाच मिनिटांत फोन, अगं हे सारेगमच आहे की!

खरंच तेच आहे. याला टॉनिक सोल्फा म्हणतात, इंग्लंडमध्ये जॉन कर्वेन या पाळकाने १९व्या शतकात पसरवलेली पद्धत, मूळ कल्पना नॉरिचच्या सॅरा ग्लोव्हर या बाईंची. डो कुठल्याही सुरावर धरायचा, आपण सा धरतो तसा, काळी एक घ्या नाहीतर पांढरी चार. कोलन म्हणजे पुढची मात्रा, डॅश म्हणजे सूर लांबवा. फक्त अक्षरं फसवतात. एस दिसला की हात आपोआप सा वर जातो पण तो पंचम आहे, एम म्हणजे ग, आणि डी ला ध समजलात तर गेलातच, कारण तोच सा. पहिला आठवडा मी पानाच्या कडेला पेन्सिलने प प प लिहीत होते. त्यानंतर मात्र शंभराव्या स्तोत्राची ती जगप्रसिद्ध चाल, ओल्ड हंड्रेड्थ, सरळ समोर आली: सा सा, मग खाली मंद्रातले नी ध प, परत सा रे ग. दुसरी ओळ ग ग ग रे सा म ग रे. सगळे शुद्ध स्वर, बिलावल थाटातला पहिलीच्या मुलाचा पलटा वाटावा इतकं सोपं, आणि पावणेपाचशे वर्षं लोक गातायत.

ही चाल लुई बुर्जवा या फ्रेंच संगीतकाराच्या नावावर आहे, जिनिव्हातल्या १५५१ च्या पुस्तकातली. आणि गंमत म्हणजे ती शंभराव्या स्तोत्राची नाहीच, फ्रेंचमध्ये ती १३४ व्या स्तोत्राला होती. विल्यम केथ या माणसाने इंग्रजीत शंभरावं स्तोत्र रचलं आणि ही चाल त्याला जी चिकटली ती चिकटलीच. बुर्जवाला त्याच वर्षी जिनिव्हाच्या लोकांनी तुरुंगात घातलेलं, का तर परवानगी न घेता ओळखीच्या चालींमध्ये फेरफार केले. तिथला धर्मसुधारक कॅल्व्हिन, त्याने रदबदली केली तेव्हा सुटला. आमच्याकडे चाल बदलली की आज्या नुसत्या बघतात, ते पुरे होतं.

आता या पुस्तकाची मेन गोष्ट, जिच्यासाठी मी ते घेतलं. प्रत्येक पान मधोमध आडवं कापलेलं आहे. वरच्या अर्ध्या पानांवर चाली, खालच्या अर्ध्यांवर स्तोत्रं, आणि दोन्ही वेगवेगळी उलटतात. लहान मुलांची ती पुस्तकं नसतात का, वर माकडाचं डोकं आणि खाली पोलिसाचे पाय, अगदी तसं. खाली स्तोत्र २३ उघडून ठेवायचं आणि वर हवी ती चाल आणायची. हे जमतं कारण बहुतेक सगळी स्तोत्रं एकाच मापात आहेत, आठ-सहा-आठ-सहा अक्षरं, ज्याला ते कॉमन मीटर म्हणतात. आपल्याला यात नवल वाटायला नको खरंतर, सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा मोठा अभंग घ्या, 'सुंदर ते ध्यान' ज्या चालीवर म्हणता तिच्यावर त्या मापातला दुसरा कुठलाही बसतो. माझ्या आजीच्या गायनाच्या पुस्तकातही गाण्याच्या डोक्यावर 'चाल' म्हणून लिहिलेलं असायचं. पण पान कापून ते हातात देणं ही आयडिया भारी आहे बुवा.

मी एका संध्याकाळी २३ व्या स्तोत्रावर तीन चाली बदलून पाहिल्या. आधी क्रिमंड, ती सगळ्यांना माहीत असते, १९४७ मध्ये एलिझाबेथ राणीच्या लग्नात म्हटली गेली म्हणून. अॅबर्डीनशायरमधल्या क्रिमंड गावच्या पाळकाची मुलगी जेसी सीमोर आयर्विन, तिची ही चाल म्हणतात, पण १८७२ मध्ये पहिल्यांदा छापली तेव्हा नाव डेव्हिड ग्रँटचं आलं, जो तंबाखूचा दुकानदार होता आणि ज्याने तिला हार्मनी, म्हणजे सोबतचे सूर, दिलेली. हा वाद अजून चालू असतो. मग मार्टरडम लावली, ह्यू विल्सनची. हा जोडे शिवणाऱ्याचा मुलगा, स्वतःही तेच काम शिकलेला, फावल्या वेळात गणित करायचा आणि सूर्यघड्याळं बनवायचा. त्या चालीवर तेच शब्द एकदम कोणाच्या तरी मातीला गेल्यासारखे वाटायला लागतात, 'मृत्युछायेच्या दरीतून' हे कडवं तर अंगावर येतं. शेवटी किल्मार्नॉक, नील डूगलची. हा ग्रीनॉकचा खलाशी, १७९४ साली नौदलाच्या विजयाची सलामी देताना तोफेचा अपघात होऊन डोळे आणि उजवा हात गेला, मग गाणं शिकवून पोट भरलं. त्याची चाल मोकळी, सकाळची आहे. माझं मत विचाराल तर २३ ला हीच हवी, क्रिमंड जरा गोडमिट्ट होते.

आता तक्रार शब्दांची. चालींना कर्त्याचं नाव आहे, शब्दांना नाही. हे शब्द १६५० चे, पाया इंग्लंडच्या संसदेतल्या फ्रान्सिस राउस याच्या रचनेचा, आणि त्यावर स्कॉटिश चर्चच्या कमिट्यांनी काही वर्षं इतकं घासलं की शेवटी कोणाचीच ओळ कोणाची राहिली नाही. कमिटीने लिहिलेलं कळतं पण. माप भरायला वाक्यं अशी पिळलीत की 'ही मेक्स मी डाउन टू लाय', म्हणजे 'मज तो खाली निजण्या लावी' छाप काहीतरी. हिब्रूशी प्रामाणिक राहायचं हा त्यांचा हट्ट, कविता गेली तरी चालेल. तुम्हाला गोड इंग्रजी हवं असेल तर हे घेऊ नका, इंग्रज गीतकार आयझॅक वॉट्सचं १७१९ चं पुस्तक बघा, पण तो स्तोत्रात बिनधास्त ख्रिस्त आणून ठेवतो आणि जुने स्कॉटिश लोक त्याला स्तोत्रच म्हणायचे नाहीत. हे लोक किती कडक, तर चाल शिकताना पवित्र शब्द वापरायचे नाहीत म्हणून सरावाला वेगळी भलतीसलतीच कडवी रचलेली असायची.

मराठीत हे चालेल का हा मोह मला झालाच. 'प्रभू माझा मेंढपाळ, उणे मज काय' असं आठ-सहा जुळवून क्रिमंडवर म्हटलं. अक्षरं बरोबर, पण ठोका दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्या अक्षरावर पडतो, त्यामुळे झालं काय तर 'प्रभूऽ माझाऽ मेंढऽपाळऽ'. मामा हसून लोळायचे बाकी होते. स्कॉटिश मिशनरी १८२३ ला कोकणात आले, विल्सन कॉलेजवाले जॉन विल्सन १८२९ ला मुंबईत आले, त्यांच्या पेटाऱ्यात हेच शब्द असणार, आणि तरी आपल्या मंडळीच्या तोंडी बसले ते रेव्हरंड ना. वा. टिळकांचे अभंग आणि पदं. 'मेंढऽपाळऽ' ऐकल्यावर का ते कळतं.

पुस्तकाची कंडिशन: कापड ठीक, शिवण ढिली, आणि कापलेली अर्धी पानं कोपऱ्यात दुमडतात, मधली चार तर लोंबतायत. सेलोटेप लावू नका, दुसऱ्या अर्ध्याला चिकटते, मी लावून बसलेय. आधीच्या मालकाने आवडत्या चालींपुढे पेन्सिलने टिक केलेत, किल्मार्नॉकपुढे दोन. अक्षर बारीक आहे, संध्याकाळच्या उपासनेला चष्मा लागतो.

पाचपैकी चार. एक कापला तो शब्दांचा. विकणाऱ्याला कळवलं की परत पाठवत नाही, तर तो म्हणाला स्टाफवालंही सापडलंय, पाठवू का. पाठव म्हटलंय. मामा म्हणाले ते तू ठेव, हे माझ्याकडे दे. बघू.