गावाकडची नळपट्टी पुण्यात बसून भरली : भारत कनेक्टचा माझा अनुभव

आण्णांचं वय ७६. मार्च लागला की त्यांचं एक काम वर्षानुवर्षं ठरलेलं, सकाळी चहा-चपाती खाऊन नगरपरिषदेत जायचं आणि नळपट्टीच्या रांगेत उभं राहायचं. गेल्या वर्षी गुडघा इतका दुखत होता तरी गेले, दोन तास उभे राहिले आणि खिडकीपाशी नंबर आला तेव्हा आतून सांगितलं की सर्व्हर बंद आहे, उद्या या. दुसऱ्या दिवशी परत गेले. आईने हे मला चार दिवसांनी फोनवर सांगितलं, तेही सहज बोलता बोलता, आणि मला खरंच रडू आलं. मी इथं पुण्यात वीज, गॅस, मोबाईल सगळं बसल्या जागी भरते आणि माझे वडील तिकडं पाण्याचे पैसे भरायला दोन-दोन दिवस उभे राहतात, हे काही बरोबर नाही. म्हणून यावर्षी ठरवलं की नळपट्टी आपणच भरायची, आणि ती कशी भरली, काय आवडलं, कुठं अडलं ते सगळं सविस्तर लिहिते, कारण माझ्यासारखे बरेचजण असतील ज्यांचे आईवडील गावी आहेत.

आधी एक सांगते, मला यातलं काहीच माहीत नव्हतं. आमच्या पुण्याच्या फ्लॅटची पाणीपट्टी मिळकतकराच्या बिलातच येते, ती वेगळी अशी कधी भरावीच लागत नाही. गावाकडं तसं नाही, घरपट्टी वेगळी, नळपट्टी वेगळी. आमच्याकडं मीटर नाही, अर्धा इंची कनेक्शन आहे आणि वर्षाची ठरलेली रक्कम, एप्रिल ते मार्च. भरली नाही तर मार्चमध्ये भोंगा लावलेली रिक्षा गल्लीतून फिरते आणि मग वसुली पथक नळ तोडायला येतं, त्यामुळं आण्णांना त्या तारखेचा फार धसका.

मी जे वापरलं ते भारत कनेक्ट. आधी याला भारत बिलपे म्हणायचे, २०२४ मध्ये नाव बदललं. हे वेगळं ॲप नाहीये, बरेचजण तिथंच गोंधळतात. आपण जे यूपीआयचं ॲप वापरतो किंवा बँकेचं ॲप, त्यात 'बिल भरा' असा भाग असतो ना, त्याच्या मागं ही यंत्रणा चालते. रिझर्व्ह बँकेने २०१४ साली याचे नियम काढले, २०१६ ला चाचणी म्हणून सुरू झालं, आणि वीज, फोन, डीटीएच, गॅस यांच्या जोडीला पाणी पहिल्यापासूनच यात होतं. म्हणजे सोय होती पण आमच्या घरात कोणाला ठाऊकच नव्हती.

पहिली अडचण अशी की पाण्याच्या यादीत आमच्या नगरपरिषदेचं नावच दिसेना. मी दोन-तीन स्पेलिंग टाकून बघितली, काही नाही. सोडून देणार होते, मग ऑफिसातली मैत्रीण म्हणाली अगं म्युनिसिपल टॅक्सच्या खाली बघ, आणि तिथं सापडलं! म्हणजे काही नगरपरिषदा पाण्यात असतात, काही म्युनिसिपल टॅक्समध्ये, दोन्हीकडं शोधल्याशिवाय नाही असं म्हणू नका. आणि सगळ्याच गावांच्या नगरपरिषदा यात आलेल्या नाहीत हेही खरं, माझ्या सासरच्या गावची मी दोन्हीकडं शोधली, नाही सापडली.

दुसरी अडचण नंबरची, आणि खरा वेळ इथंच गेला. आण्णांना फोन केला, म्हणलं आण्णा जुनी पावती काढा, त्यावर ग्राहक नंबर असेल तो सांगा. आमच्याकडं घरपट्टी-नळपट्टीच्या पावत्या एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून कॅलेंडरच्या मागं खिळ्याला अडकवलेल्या असतात. त्यांनी पिशवी काढली, चष्मा लावला आणि एकेक आकडा वाचून दाखवला. मी टाकला तर स्क्रीनवर भलत्याच कोणाचं नाव आणि साडेसहा हजाराची थकबाकी. मी घाबरलेच, म्हणलं आपली एवढी थकली कशी. मग व्हॉट्सॲपवर पावतीचा फोटो मागवला तेव्हा कळलं, आण्णांनी मालमत्ता क्रमांक वाचला होता, नळ जोडणी क्रमांक खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात होता आणि त्यातला शेवटचा आकडा घडीवर आल्यामुळं पुसट झालेला. ३ आहे का ८ ते कळेना. शेवटी आईने त्याच्या आधीच्या वर्षाची पावती काढली, त्यावर स्पष्ट होता, ८.

८ टाकला आणि स्क्रीनवर माझ्या आजोबांचं नाव आलं.

आजोबा जाऊन १४ वर्षं झाली. कनेक्शन अजून त्यांच्याच नावावर आहे, हे घरात कोणाच्या लक्षातच नव्हतं. इंग्रजीत, स्पेलिंग चुकवून, पण त्यांचंच पूर्ण नाव. मी आण्णांना फोनवर वाचून दाखवलं, ते थोडा वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "व्हय, नळ आबांनीच घेतलाय गं, तवा गल्लीत पहिला आपला नळ."

तर मला या सगळ्यात सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर हेच, पैसे द्यायच्या आधी नाव आणि रक्कम दोन्ही दिसतं. साडेसहा हजार दुसऱ्याच्या नावावर जाणार होते ते फक्त नाव दिसलं म्हणून वाचले. काही ठिकाणी नुसता नंबर आणि रक्कम आपणच टाकायची असते, तिथं मी तरी भरणार नाही, एक आकडा चुकला की परत मिळवताना नाकी नऊ येतील. नाव दिसलं तरच पुढं जा, हे मी ज्याला त्याला सांगते.

आमची रक्कम होती २३४० रुपये. यूपीआयने भरली, वरचा एक रुपया लागला नाही. त्याच ॲपमध्ये क्रेडिट कार्ड निवडून बघितलं तर फी दाखवत होतं, त्यामुळं शेवटचं बटण दाबायच्या आधी एकूण आकडा वाचायचा.

आता जे आवडलं नाही ते. पिन टाकला, बँकेचा मेसेज आला पैसे गेले, आणि ॲपमध्ये चक्र फिरतंय ते फिरतंयच. मग 'प्रोसेसिंग' असं आलं. मी बाहेर येऊन परत बिल बघितलं तर २३४० बाकीच! तारीख होती २९ मार्च, मनात नाही नाही ते आलं, वाटलं परत भरून टाकावं. नवऱ्याने थांबवलं, आणि बरं झालं थांबवलं, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमारास 'सक्सेसफुल' असं आलं आणि पावतीपण आली. अशा वेळी घाई करून दोनदा भरू नका. यूपीआयने पैसे खात्यातून गेले आणि समोरच्याकडं पोचल्याचं नक्की झालं नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत ते आपोआप परत आले पाहिजेत आणि त्याच्यापुढं उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे. हे त्या रात्री मला माहीत असतं तर मी शांत झोपले असते. पण हेच ॲपने त्या स्क्रीनवर मराठीत दोन ओळींत लिहिलं तर काय बिघडतं? वयस्कर माणूस असेल तर तो घाबरून परत भरणारच. आणि शेवटच्या आठवड्यात भरू नका, फेब्रुवारीतच उरकून टाका, मी पुढच्या वर्षी तेच करणार आहे.

अजून एक मोठी उणीव. ॲपमध्ये नुसती एकूण रक्कम दिसते, कशाचे किती ते दिसत नाही. आमच्या गावात भुयारी गटार झाली, रस्ते खणले, चेंबर बसले, घराची संडास-बाथरूमची लाईन त्याला जोडून घेतली, आणि यंदा पहिल्यांदा बिलात मलनिःसारणाचे पैसे लागून आलेत. आण्णांचा प्रश्न अगदी साधा होता, मागल्या वर्षी १८०० होते, यंदा ५४० जास्त कशाचे? मला ॲपमध्ये बघून काहीच सांगता आलं नाही. शेवटी शेजारच्या काकांनी घरी आलेलं कागदी बिल नीट वाचलं तेव्हा त्यात ओळ सापडली. मुंबईत माझी बहीण सोसायटीची खजिनदार आहे, ती म्हणाली आमच्याकडं पाण्याचा जो आकार येतो त्याच्या ७० टक्के मलनिःसारणाचा वर लागतो, म्हणजे पाणी जास्त वापरलं की दोन्ही वाढतं, आणि ते बिलात वेगळं छापलेलं असतं. तसं वेगळं ॲपमध्ये दिसलं पाहिजे. माणूस पैसे द्यायला तयार आहे, पण कशाचे देतोय ते त्याला कळायला नको का? तोपर्यंत कागदी बिल फेकू नका, भरायच्या आधी त्यातली ओळन् ओळ वाचा.

नगरपरिषदेच्या स्वतःच्या वेबसाईटवरून भरायचा प्रयत्नही मी आधी केला होता, तेही सांगते. कॅप्चा तीन वेळा चुकला, मग आर्थिक वर्ष निवडायचं, वॉर्ड निवडायचा (आण्णांना जुना वॉर्ड नंबर माहिती, साईटवर नवीन), आणि ओटीपी जो मोबाईल नोंदवलाय त्याच्यावर, तो कोणाचा कोण जाणे, आमच्यापैकी कोणाचाच नाही. तिथंच संपलं. पण एक गोष्ट खरी, तिथं मागच्या वर्षांच्या पावत्या दिसतात असं काका म्हणाले, ते ॲपमध्ये दिसत नाही. ज्यांचा मोबाईल नोंदवलेला आहे त्यांना कदाचित तेच सोयीचं पडेल.

ज्यांना मोबाईलवर जमत नाही त्यांच्यासाठी अजून एक रस्ता आहे. भारत कनेक्ट एजंटच्या दुकानातूनही चालतं, रोख पैसे देऊन भरता येतं. फक्त ट्रान्झॅक्शन नंबर असलेली छापील पावती तिथल्या तिथं मागून घ्यायची, वहीत नाव लिहून घेतलं एवढ्यावर उठून यायचं नाही. पुढं काही तक्रार करायची झाली तर तोच नंबर लागतो. ॲपमधून भरलं असेल तर तक्रार त्याच ॲपमध्ये, त्याच व्यवहारावर जाऊन करता येते.

आणि कृपा करून हे आईवडिलांना सांगून ठेवा. आण्णांना फेब्रुवारीत मेसेज आला होता की बिल थकलंय, आज रात्री पाणी बंद होणार, या नंबरवर फोन करा. त्यांनी नशिबाने मला आधी विचारलं. असे लोक फोन केला की एखादी फाईल पाठवतात, ती उघडून ॲप टाकायला लावतात आणि मग मोबाईलमधलं सगळं त्यांच्या हातात. खरी नगरपरिषद मोबाईलवर फाईल पाठवून ॲप टाकायला सांगत नाही. चुकून पैसे गेलेच तर एक मिनिट न घालवता १९३० वर फोन करायचा, जितका लवकर तितकी पैसे अडवायची शक्यता जास्त.

एकंदर मी पाचपैकी चार देईन. एक कापला तो रक्कम फोडून दाखवत नाहीत म्हणून आणि त्या रात्रीच्या चक्रासाठी. नंबर एकदा बरोबर सेव्ह झाला की पुढच्या वर्षी खरंच दोन मिनिटांचं काम आहे, बिल आलं की ॲप आठवणपण करून देतं. आपोआप कापून घ्यायची सोय पण दाखवत होतं, ती मी मुद्दाम चालू केली नाही, रक्कम बघूनच भरायची असं आण्णांचं म्हणणं आहे आणि मला ते पटतं.

पावती मी आण्णांना व्हॉट्सॲपवर पाठवली. त्यांनी लगेच फोन केला, "पैसे गेले ते नगरपरिषदेतच गेले ना नक्की? शिक्का कुठंय याच्यावर?" म्हणलं आण्णा शिक्का नसतो, हा नंबर म्हणजेच शिक्का. संध्याकाळी ते झेरॉक्सच्या दुकानात जाऊन पाच रुपये देऊन प्रिंट काढून आले, मागच्या बाजूला स्वतःच्या अक्षरात 'नळपट्टी भरली, ताईने' असं आणि तारीख लिहिली आणि कॅलेंडरमागच्या पिशवीत घातली. मे महिन्यात गावी गेले की आजोबांचा मृत्यूचा दाखला आणि वारस नोंदीचे कागद घेऊन कनेक्शन आण्णांच्या नावावर करायचा अर्ज द्यायचाय, आणि त्याच वेळी मोबाईल नंबरपण नोंदवून येणार आहे, त्याला मात्र नगरपरिषदेतच जावं लागणार. यावेळी रांगेत मी उभी राहीन.